तोंडातला व्रण आणि ओठावरचा फोड

मेडिकलच्या दुकानात "तोंड आलंय, काहीतरी द्या" म्हणणारं गिऱ्हाईक रोज येतं. काउंटरपलीकडचा माणूस सवयीने बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल कात्रीने कापून देतो, वर एखादी जेलची ट्यूब पुढे सरकवतो. थोड्या वेळाने दुसरं कुणी येतं. त्याच्या ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका उठलेला असतो. त्यालाही त्याच कॅप्सूल आणि तीच ट्यूब मिळते. दोघंही आठ-दहा दिवसांत बरे होतात, कारण ही दोन्ही दुखणी बहुतेक वेळा आपली आपणच जातात. श्रेय मात्र कॅप्सूलला मिळतं आणि पुढच्या वेळी घरातल्या सगळ्यांसाठी तीच येते.

खरं तर या दोघांच्या दुखण्यांचं एकमेकांशी काहीच नातं नाही. पहिल्याच्या गालाच्या आत जो पांढुरका खड्डा पडलाय, त्याला डॉक्टर ॲफ्थस अल्सर म्हणतात. तो कुणाकडून लागत नाही आणि कुणाला लागत नाही. त्याच्या मुळाशी आपल्याच प्रतिकारशक्तीचा गोंधळ असतो. दुसऱ्याच्या ओठावर जे उठलंय ते हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूचं काम. हल्ली लोक त्याला कोल्ड सोअर म्हणतात. जुनी माणसं "ओठावर जर उठला" किंवा "ताप बाहेर पडला" असं म्हणायची. हा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो आणि एकदा शरीरात शिरला की जन्मभर मुक्काम करतो. पहिल्याला जे मलम आराम देतं, तेच दुसऱ्याला नुकसान करू शकतं. म्हणून आपल्याला नक्की काय झालंय, हे ओळखता आलेलं बरं. ते फारसं अवघडही नाही.

आधी जागा पाहा

हात स्वच्छ धुवा आणि तर्जनी गालाच्या आतल्या बाजूवरून फिरवा. तिथलं अस्तर मऊ, ओलसर आणि सैल लागतं, बोटाबरोबर सरकतं. ओठाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि तिचा खालचा भाग, जिभेखालची जागा, टाळूचा अगदी मागचा भाग, हे सगळं असंच मऊ. आता बोट दातांना लागून असलेल्या हिरडीवर ठेवा आणि मग टाळूच्या पुढच्या, खरबरीत वळ्या असलेल्या भागावर. इथलं अस्तर खालच्या हाडाला घट्ट चिकटलेलं असतं, ढकललं तरी हलत नाही. घास चावताना याच भागांवर सगळ्यात जास्त घर्षण होतं, म्हणून त्यांवर केराटिनचा थर असतो. नखं आणि केस ज्या प्रथिनाचे बनतात तेच हे केराटिन.

ॲफ्थस अल्सर जवळजवळ नेहमी मऊ, सरकणाऱ्या अस्तरावर होतो. हर्पिस परत परत उठतो तेव्हा तो ओठाच्या बाहेरच्या कडेवर, म्हणजे ओठाचा लालसर भाग संपून चेहऱ्याची कातडी सुरू होते त्या रेषेवर उठतो. क्वचित तोंडाच्या आत उठलाच, तर हिरडीवर किंवा टाळूच्या कडक भागावर. दातांचे डॉक्टर हाच नियम वापरतात. तो शंभर टक्के लागू पडत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती खूप खालावली आहे, त्यांच्यात दोन्ही आजार कुठेही दिसू शकतात. पण एरवी धडधाकट असलेल्या माणसाचं निदान निम्म्याहून अधिक इथेच होतं.

मग रूप पाहायचं. ॲफ्थस अल्सरमध्ये फोड कधी येतच नाही, हे बहुतेकांच्या लक्षात आलेलं नसतं. आदल्या दिवशी ती जागा थोडी चुरचुरते, लालसर होते आणि मग थेट खड्डाच पडतो. हा खड्डा गोल किंवा लांबट गोल, कडा रेखीव, तळ पिवळट-पांढरा किंवा राखाडी आणि भोवती लालभडक कडं. आकाराने बहुतेक वेळा एक सेंटिमीटरपेक्षा लहान. पण दुखतो आकाराच्या मानाने भलताच. आमटीचा पहिला घोट घेतला की डोळ्यांत पाणी. एक ते दोन आठवड्यांत तो भरून येतो आणि मागे खूण ठेवत नाही. काहींना एक सेंटिमीटरपेक्षा मोठे आणि खोल अल्सर होतात. ते कित्येक आठवडे राहतात आणि जाताना वण ठेवून जातात. तिसरा एक प्रकार आहे, त्यात टाचणीच्या टोकाएवढे डझनावारी व्रण एकदम उठतात. त्याच्या वैद्यकीय नावात हर्पिसचा उल्लेख आहे, पण हर्पिसच्या विषाणूशी त्याचा काही संबंध नाही. वैद्यकशास्त्रात अशी फसवी नावं बरीच आहेत, आणि ती बदलण्याची घाई कुणालाच नसते.

ओठावरच्या हर्पिसचा क्रम वेगळा. सुरुवात होते हुळहुळण्याने. ओठाचा एक ठरावीक कोपरा खाजतो, झणझणतो, ताणल्यासारखा वाटतो. बाहेरून अजून काहीच दिसत नसतं. ज्यांना हे वारंवार होतं ते याच वेळी ओळखतात की आता उद्या उठणार. काही तासांत ते एक-दोन दिवसांत तिथे लालसर सूज येते आणि तिच्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो. फोड एकमेकांत मिसळतात, फुटतात, लस वाहते, मग पिवळट-तपकिरी खपली धरते. हसलं किंवा मोठी जांभई दिली की खपली तडकते आणि रक्त येतं. सात ते दहा दिवसांत सगळं निवळतं. पुढच्या वेळी फोड बहुधा त्याच कोपऱ्यात किंवा त्याच्या शेजारी उठतात. ॲफ्थस अल्सरचा असा ठिय्या नसतो. तो आज गालात, तर दोन महिन्यांनी जिभेखाली.

ओठांचे दोन्ही कोपरे फाटून चिरा पडणं हे या दोहोंपैकी काहीच नाही. त्याला लोहाची किंवा ब जीवनसत्त्वांची कमतरता, बुरशीचा संसर्ग किंवा नीट न बसणारी कवळी अशी वेगळी कारणं असतात.

लहान मुलांचं वेगळं

हर्पिसचा विषाणू पहिल्यांदा शरीरात शिरतो तो बहुधा लहानपणी, घरातल्याच कुणाच्या तरी लाळेतून. बहुतेक मुलांमध्ये त्याचा काही पत्ताही लागत नाही. पण काही मुलांना, विशेषतः सहा महिने ते पाच वर्षे या वयात, चांगलाच हिसका बसतो. ताप चढतो, हिरड्या सुजून लालबुंद होतात, ब्रश लागला तरी रक्त येतं, लाळ गळत राहते, आणि जीभ, गाल, टाळू, ओठ अशा सगळीकडे व्रण उठतात. इथे वर सांगितलेला जागेचा नियम चालत नाही, कारण पहिल्या संसर्गात विषाणू मऊ अस्तर आणि कडक अस्तर असा भेद करत नाही. घरचे म्हणतात, दात येतायत. पण दात येताना हिरडी थोडी दुखते, इतका ताप येत नाही आणि तोंडभर व्रणही उठत नाहीत.

या मुलांना खरा धोका असतो तो पाणी कमी पडण्याचा. तोंड इतकं दुखतं की मूल घोटभर पाणीसुद्धा घेत नाही. लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं, तर थांबू नये, डॉक्टरांकडे न्यावं. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू केलं तर दुखणं लवकर आटोक्यात येतं. थंड ताक, पातळ खीर, आइस्क्रीमसुद्धा चालेल. "तापात थंड देऊ नये" हा नियम अशा वेळी गुंडाळून ठेवावा.

पावसाळ्याच्या सुमारास बालवाड्यांमधून जे हात-पाय-तोंडाचं दुखणं फिरतं, ते वेगळ्या विषाणूंमुळे होतं. त्यात तोंडातल्या व्रणांबरोबर तळहात आणि तळपायांवरही पुरळ दिसतं, आणि हिरड्यांना सहसा काही होत नाही. मुलाचे तळवे उलटे करून पाहिले की बऱ्याचदा उलगडा होतो.

विषाणू लपतो कुठे?

तेच फोड, त्याच कोपऱ्यात, वर्षानुवर्षं का उठतात, याचं उत्तर सापडायला बराच काळ गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वे कुशिंग हे अमेरिकी शल्यविशारद चेहऱ्याच्या असह्य कळांवर उपाय म्हणून चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसेवर शस्त्रक्रिया करत. कवटीच्या तळाशी या नसेच्या पेशींचा एक गुच्छ असतो. त्या गुच्छाला हात लावला की काही दिवसांत रुग्णाच्या ओठाभोवती फोड उठतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९२० च्या दशकात अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी सशांवर प्रयोग करून दाखवलं की हर्पिसचा विषाणू नसांच्या धाग्यांतून प्रवास करतो. १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियात फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्याने मांडलं की संसर्ग लहानपणीच होतो, विषाणू शरीरात दडून राहतो आणि अधूनमधून जागा होतो. याच बर्नेट यांना पुढे १९६० मध्ये वेगळ्या संशोधनासाठी नोबेल मिळालं.

प्रत्यक्ष पुरावा हाती यायला १९७२ साल उजाडलं. मृत व्यक्तींच्या शरीरातून नसेच्या पेशींचा तो गुच्छ काढून, त्याच्या ऊती प्रयोगशाळेत जिवंत ठेवून पाहण्यात आल्या. ज्यांच्या ओठावर मृत्यूच्या वेळी एकही फोड नव्हता, त्यांच्याही ऊतींमधून काही दिवसांनी विषाणू बाहेर पडला.

आता चित्र असं दिसतं. लहानपणी ओठाच्या किंवा तोंडाच्या त्वचेतून विषाणू नसेच्या टोकात शिरतो आणि धाग्यातून वर सरकत कवटीतल्या त्या गुच्छात पोचतो. तिथे त्याचा डीएनए पेशीच्या केंद्रकात नुसता पडून राहतो. जवळजवळ सगळी जनुकं बंद, नवीन विषाणू तयार होत नाहीत, त्यामुळे प्रतिकारशक्तीला दिसावं असं काही नसतंच. औषधालाही नाही. मग कधीतरी ताप येतो, कडक ऊन लागतं, झोप मोडते, पाळीचे दिवस येतात, दाताचं मोठं काम होतं, आणि विषाणू जागा होऊन त्याच धाग्याने खाली उतरतो. म्हणूनच तो नेहमी त्याच कोपऱ्यात प्रकटतो आणि म्हणूनच फोडांच्या आधी तिथे हुळहुळतं.

"अंगातला ताप ओठावाटे बाहेर पडला, आता बरं वाटेल" असं म्हणण्याची पद्धत आहे. निरीक्षण बरोबर, कार्यकारणभाव उलटा. ताप बाहेर पडत नाही, तो विषाणूला उठवतो. न्यूमोनिया आणि मलेरियाच्या रुग्णांच्या ओठांवर असे फोड दिसतात, हे जुन्या काळच्या डॉक्टरांनाही चांगलं ठाऊक होतं.

उन्हाचं तर प्रयोगानेच सिद्ध झालंय. १९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, वारंवार फोड उठणाऱ्या ३८ जणांच्या ओठांवर अतिनील किरण सोडले. नुसतं साधं मलम लावलेलं असताना त्यांतल्या २७ जणांना फोड उठले. त्याच लोकांना ऊन रोखणारं मलम लावून किरण दिले, तेव्हा एकालाही नाही. शेतात, बांधकामावर किंवा दिवसभर दुचाकीवर काम करणाऱ्या माणसाला दर उन्हाळ्यात फोड येत असतील, तर ओठाला सनस्क्रीन असलेला लिप बाम लावणं हा स्वस्तातला उपाय आहे. आपल्याकडे लिप बाम म्हणजे बायकांची गोष्ट, ही समजूत मात्र आधी ओठावरून पुसावी लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार, जगातल्या ५० वर्षांखालच्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात हा पहिल्या प्रकारचा हर्पिस विषाणू आहे. म्हणजे जवळपास ३८० कोटी माणसं. त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात कधी फोड उठतच नाहीत किंवा उठले तरी लक्षात येत नाहीत. हे सांगायचं कारण म्हणजे हर्पिस हा शब्द रिपोर्टवर वाचला की घरात कुजबुज सुरू होते. ओठावरचा हर्पिस बहुतेकांना आई, आजी, मावशी अशा कुणाच्या तरी मायेच्या मुक्यातून मिळालेला असतो. फोड असताना मुखमैथुन केलं तर तोच विषाणू जननेंद्रियांवर जाऊ शकतो, हेही खरं. पण ओठावर फोड दिसला म्हणून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवणं हा निव्वळ अडाणीपणा आहे.

आणि नागीण? ती वेगळी. ती होते कांजिण्यांच्या विषाणूमुळे. तो हर्पिसच्याच कुळातला, पण निराळा. नागीण शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते, बहुधा उतारवयात, आणि तिची आग ओठावरच्या फोडांपेक्षा कितीतरी जास्त. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही समजूत अजून ऐकू येते. मंत्राने ती उतरवून घेण्यात पहिले तीन दिवस घालवले, तर औषधाचा खरा उपयोग होण्याची वेळ निघून जाते.

आतल्या व्रणाचं कारण

ॲफ्थस अल्सरची गोष्ट इतकी नीटस नाही. साधारण पाचातल्या एकाला तो कधी ना कधी होतो, बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो आणि पुढे वयाबरोबर कमी होतो. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी तोंडाच्या अस्तरावर हल्ला चढवतात आणि तेवढा तुकडा झडून जातो, एवढं कळलंय. पण हल्ला सुरू का होतो, याचं एकच एक उत्तर नाही. आईवडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते. परीक्षेच्या दिवसांत, जागरणांत, पाळीच्या सुमारास तो उठतो. दिवाळीत चकलीचं टोक हिरडीच्या वर टोचलं, जेवताना गाल चावला गेला, ब्रेसेसची तार लागली, की ज्याची प्रकृती तशी त्याला दोन दिवसांत तिथेच व्रण होतो.

यात "पोटातली उष्णता" कुठे बसते? मसालेदार खाल्ल्याने आधीचा व्रण झोंबतो, हे कुणीही सांगेल. पण तिखटाने व्रण निर्माण होतो याला भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा टूथपेस्टकडे पाहावं. फेस आणण्यासाठी बहुतेक पेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट घालतात. वारंवार व्रण होणाऱ्यांनी ते नसलेली पेस्ट वापरली तर व्रण कमी होतात, असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. वेष्टनावरची घटकांची यादी वाचून पेस्ट बदलून पाहायला काही जात नाही.

सिगारेट सोडल्यावर काहींना पहिल्या काही आठवड्यांत एकामागून एक व्रण होतात. धुरामुळे तोंडाचं अस्तर जाड झालेलं असतं, ते पूर्वपदावर येत असताना असं घडत असावं. "बघा, सिगारेट होती तेव्हा तोंड बरं होतं" असं म्हणत माणूस पुन्हा पाकीट उघडतो. ते व्रण थोड्या दिवसांत जातात. पाकीट न उघडलेलंच बरं.

आता बी-कॉम्प्लेक्स. तिच्यावर टीका केली म्हणून ब जीवनसत्त्वांचा या दुखण्याशी संबंधच नाही असं नव्हे. लोह, फोलिक ॲसिड आणि बी१२ यांची कमतरता असेल तर व्रण वारंवार होतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांमध्ये बी१२ कमी आढळलं. बी१२ प्राणिज अन्नातूनच मिळतं, त्यामुळे शाकाहारी घरांत ही कमतरता जास्त. इस्राएलमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत वारंवार व्रण होणाऱ्या लोकांना सहा महिने रोज १००० मायक्रोग्रॅम बी१२ जिभेखाली ठेवायला दिलं. शेवटच्या महिन्यात गोळी घेणाऱ्यांतले ७४ टक्के व्रणमुक्त होते, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांतले ३२ टक्के. म्हणजे उपयोग झाला, पण सहा महिन्यांनी आणि भरपूर मात्रेने. तोंड आल्यावर पाच दिवस कॅप्सूल घेऊन सोडून देणं यात बसत नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी तोंड येत असेल तर रक्तातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो), बी१२ आणि फोलेट एकदा तपासून घ्यावं आणि जे कमी असेल ते नीट भरून काढावं.

क्वचित तोंडातला व्रण दुसऱ्या आजाराची पाटी असतो. गव्हातलं ग्लुटेन न सोसणं, आतड्यांचा क्रोन आजार, एचआयव्ही ही त्यातली काही नावं. हुलुसी बेहचेत या तुर्की त्वचारोगतज्ज्ञांनी १९३७ मध्ये तोंडातले व्रण, जननेंद्रियांवरचे व्रण आणि डोळ्यांतला दाह असं त्रिकूट एकाच आजाराचं म्हणून मांडलं. तो आजार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. व्रणांबरोबर वजन घटणं, जुलाब, डोळे लाल होणं असं काही असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगावं. दातांच्या डॉक्टरांसमोर पोटाचा विषय काढायला लोक लाजतात आणि पोटाच्या डॉक्टरांसमोर तोंडाचा विषय काढायचं सुचतच नाही.

लावायचं काय?

आतल्या व्रणाला कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा, झोंबणाऱ्या पदार्थांना सुट्टी आणि बधिर करणारं जेल एवढं बहुतेकदा पुरतं. जाईची किंवा पेरूची कोवळी पानं चघळण्याची घरोघरची पद्धत आहे. त्यांत तुरट द्रव्यं असतात, थोडा आराम वाटतो, अपाय काही नाही. व्रण मोठा असेल किंवा वारंवार होत असेल तर डॉक्टर स्टेरॉइडची पेस्ट लिहून देतात. प्रतिकारशक्तीचा हल्ला शमवणं हेच काम असल्यामुळे ती इथे योग्य. चुरचुर सुरू झाल्या झाल्या लावली तर गुण चांगला.

ओठावरच्या फोडावर मात्र हीच पेस्ट, किंवा घरात खाज-खरजेसाठी पडलेली स्टेरॉइडची ट्यूब, आपल्या मनाने लावू नये. प्रतिकारशक्ती त्या जागी विषाणूशी लढत असते, तिलाच आपण खाली बसवतो. इथे औषध ॲसायक्लोव्हिर किंवा त्याची भावंडं. या औषधाची करामत सांगण्यासारखी आहे. त्याची गोळी निरोगी पेशीत शिरली तर जवळजवळ निष्क्रियच राहते. ती जागृत करायला लागणारं विकर (एन्झाइम) हर्पिसचा विषाणू स्वतः तयार करतो. म्हणजे ज्या पेशीत विषाणू कामाला लागला आहे, तिथेच औषध जागं होतं, विषाणूच्या डीएनएच्या साखळीत जाऊन बसतं आणि साखळी पुढे वाढूच देत नाही. या संशोधनामागच्या गटाच्या प्रमुख गर्ट्रूड एलियन यांना पीएचडी पूर्ण करता आली नव्हती. १९८८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना दोघांबरोबर विभागून मिळालं. पण दडून बसलेला विषाणू आपला डीएनए वाढवतच नसतो, त्यामुळे त्याच्यापुढे हे औषधही हतबल. आणि खपली धरल्यावर सुरू केलं तरी फारसा उपयोग नाही, कारण तोवर विषाणूचं काम उरकलेलं असतं. हुळहुळ सुरू झाली त्याच दिवशी घ्यायचं. ज्यांना वर्षातून अनेकदा त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घरात ठेवावी.

फोड असेपर्यंत टॉवेल, लिपस्टिक, पाण्याची बाटली वेगळी ठेवावी. फोडाला हात लागला तर धुवावा, विशेषतः डोळ्याला लावण्याआधी. डोळ्यात हा विषाणू गेला तर बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटवणारा व्रण होतो आणि नजर जाऊ शकते. कुस्तीगिरांना अंगाला अंग घासून चेहऱ्यावर आणि मानेवर हर्पिस होतो, हे जगभरच्या मॅटवर दिसलेलं आहे. फोड असलेल्या मल्लाने तेवढे दिवस मातीपासूनही लांब राहावं. आणि बारशाला जाताना ओठावर फोड असेल तर बाळाचा मुका घ्यायचा नाही. पहिल्या काही आठवड्यांत नवजात बाळाला हा संसर्ग झाला तर तो मेंदूपर्यंत पोचू शकतो, जीवही जाऊ शकतो. पाहुण्यांना हे सांगताना अवघडायला होतं. तरी सांगावं.

दोन्ही नसेल तर

महाराष्ट्रात तोंडातल्या व्रणाबद्दल लिहायचं आणि तंबाखूवर थांबायचं नाही, असं होऊ शकत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तो कुठे मिळतो हे मात्र शाळकरी पोरांनाही माहीत असतं. शिवाय तंबाखू-चुना आहे, आणि बायकांच्या दात घासण्यातली मिश्री आहे. तिला तंबाखूत मोजायचं असतं, हे कित्येक घरांत कुणाला सुचतही नाही.

कॅन्सरचा व्रण सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही, आणि घात तिथेच होतो. दुखणाऱ्या ॲफ्थस अल्सरसाठी माणूस दुकान गाठतो, न दुखणाऱ्या व्रणाकडे महिनोन् महिने काणाडोळा करतो. कडा उचललेल्या, बोटाला टणक लागणारा तळ, हात लागला की रक्त, जागा जिभेची कड किंवा तंबाखूची गोळी धरायची खाच. यापैकी काहीही असो वा नसो, एकच व्रण तीन आठवड्यांत भरला नाही तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचा. चाळिशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच तोंड यायला लागलं असेल तरी दाखवायचं. सुपारी खाणाऱ्याला तिखट सोसेनासं झालं आणि तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावेनाशी झाली, तर अस्तर आतून घट्ट होऊ लागलेलं असतं. त्यातून पुढे कॅन्सर होण्याचा धोका असतो.

कधी कारण अगदी साधं निघतं. तुटलेल्या दाताची धार रोज त्याच जागी घासत असते. डॉक्टर दात गुळगुळीत करून देतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. कधी कारण औषधात असतं. संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर तोंडभर व्रण हा पहिल्या इशाऱ्यांपैकी एक. तिथे जेल लावत बसायचं नाही, त्याच दिवशी गोळी थांबवून दवाखाना गाठायचा.

व्रण संशयास्पद वाटला तर डॉक्टर जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात आणि तपासायला पाठवतात. काही मिनिटांचं काम. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, या भीतीने लोक त्याला नकार देतात. तुकड्याने कॅन्सर पसरत नाही. तो न काढता घालवलेल्या महिन्यांत पसरतो.